मेंदूला धक्का बसल्यानंतर घर, शाळा, ऑफिस आणि मैदानावर परतताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोक्याला मुका मार बसला, डॉक्टरांनी तपासलं आणि ‘कन्कशन आहे, घाबरू नका, आराम करा’ असं सांगून घरी सोडलं. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. आराम किती करायचा? मोबाइल बघितला तर चालेल का? गाडी कधी चालवायची? पोराला खेळायला कधी सोडायचं? ही उत्तरं त्या दिवसांसाठी आहेत. मार नुकताच लागला असेल तर दुसरा प्रश्न आधी वाचा.

१. कन्कशनमध्ये डोक्याच्या आत नेमकं काय होतं?

जोराचा झटका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो, थोडा पिळवटतो आणि त्यातले मज्जातंतू ताणले जातात. बहुतेक वेळा काही तुटत नाही, रक्तही सांडत नाही, पण पेशींच्या आतबाहेरच्या क्षारांचा तोल बिघडतो. पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा तोल सावरायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ग्लुकोज लागतं आणि नेमका त्याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. गरज वाढलेली आणि पुरवठा घटलेला, असे काही दिवस जातात. म्हणून चार ओळी वाचल्या तरी डोकं जड होतं.

डोकं कुठे आपटायलाच हवं असं नाही. गाडीला मागून धडक बसून मानेला हिसका बसला तरी कन्कशन होऊ शकतं. शुद्ध हरपायला हवी, हा तर मोठाच गैरसमज आहे. दहातल्या नऊहून जास्त जणांची शुद्ध जात नाही. माणूस उठून उभा राहतो, कपडे झटकतो आणि पाच मिनिटांत तिसऱ्यांदा विचारतो, ‘आपण कुठे चाललो होतो?’ हे तिसऱ्यांदा विचारणं हेच लक्षण.

२. कोणती लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल गाठायचं?

यांपैकी एक दिसलं तरी पुरे:

- डोकेदुखी कमी होण्याऐवजी तासागणिक वाढत जाणं
- दोन किंवा अधिक उलट्या
- झटके येणं
- हातापायात कमजोरी किंवा बधिरपणा, बोलताना जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं
- एक बाहुली मोठी, एक लहान
- उठवूनही नीट जागं न होणं, माणसं न ओळखणं, गोंधळ वाढणं
- नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं
- मानेच्या मधोमध दुखणं
- लहान बाळाचं रडणं न थांबणं, दूध न पिणं

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील किंवा वय ६५ च्या पुढे असेल, तर यातलं काहीही नसलं तरी दाखवून या.

१०८ ला फोन करा. जखमीला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. मानेला इजा असेल तर वाटेतला प्रत्येक गतिरोधक ती वाढवतो. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

३. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग डोकं का दुखतंय? आणि काही डॉक्टर सीटी काढतच नाहीत, ते का?

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची चीर शोधायला काढतात. कन्कशनमध्ये बिघडतं ते पेशींचं कामकाज आणि ते त्या फिल्मवर उमटत नाही. साधा एमआरआयही बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’चा अर्थ ऑपरेशन लागेल असं आत काही नाही, एवढाच घ्यायचा. उद्यापासून कामावर जायला हरकत नाही, असा तो अर्थ नव्हे. घरच्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि दुखणाऱ्यावर नाटक करण्याचा आरोपही इथूनच सुरू होतो.

सीटी कधी काढायचा याचे ठरलेले निकष आहेत. मोठ्या माणसांसाठी जगभर वापरला जाणारा कॅनडाचा नियम मार लागल्यावर दोन तासांनीही पूर्ण भान न येणं, दोन किंवा जास्त उलट्या, ६५ किंवा त्याहून जास्त वय, कवटी फुटल्याच्या खुणा, अपघाताआधीच्या अर्ध्या तासाचं किंवा त्याहून जास्त वेळचं काही न आठवणं, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, पायी चालताना वाहनाची धडक बसणं अशा गोष्टी बघतो. लहान मुलांत किरणोत्सर्गाचा विचार जास्त करावा लागतो. म्हणून ठीकठाक दिसणाऱ्या मुलाला चार ते सहा तास नजरेखाली ठेवणं हा स्कॅन टाळण्याचा रीतसर मार्ग आहे, त्याला हयगय समजू नये. ‘एकदा काढूनच टाका’ असा आग्रह धरू नका.

४. बाहेर टेंगूळ आलं म्हणजे आत काही नाही, असं म्हणतात. खरं का?

नाही. टेंगूळ म्हणजे कवटीच्या बाहेर, कातडीखाली साचलेलं रक्त. आत काय झालं हे ते सांगत नाही. उलट दोन वर्षांखालच्या बाळाला कपाळ सोडून बाजूला किंवा मागे मऊ, पिचपिचीत टेंगूळ आलं तर हाडाला चीर असण्याची शक्यता वाढते, अशा बाळाला दाखवलंच पाहिजे. टेंगळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं धरा. तेल लावून रगडू नका.

५. पहिल्या रात्री झोपू द्यायचं की जागं ठेवायचं?

डॉक्टरांनी तपासलं असेल, माणूस नीट बोलत-चालत असेल आणि दुसऱ्या प्रश्नातलं काही नसेल, तर झोपू द्या. झोपेमुळे मेंदूला इजा होत नाही, रात्रभर दर तासाला हलवून उठवल्याने मात्र दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी वाढते. जुनी भीती होती ती झोप आणि बेशुद्धी यांतला फरक कळणार नाही याची. त्यासाठी पहिले २४ तास त्याच खोलीत कुणीतरी मोठं माणूस असू द्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर रात्रीतून एक-दोनदा उठवा, नाव आणि जागा विचारा, उत्तर बरोबर आलं की पुन्हा झोपू द्या. एकटे राहत असाल तर त्या रात्री नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे मुक्काम करा.

६. आराम म्हणजे नक्की किती? अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं का?

पूर्वी तसंच सांगत. आता सांगत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्या मुलांनी, एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू हालचाल सुरू करणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षणं सांगितली. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या तज्ज्ञांनीही हेच म्हटलं: पहिले २४ ते ४८ तास बेताचा आराम आणि मग हळूहळू हालचाल.

बेताचा आराम म्हणजे अंघोळ, जेवण, घरात फिरणं, खाली उतरून पाच-दहा मिनिटं चालणं, कुणाशी शांतपणे गप्पा. पडदे ओढून, भिंतीकडे तोंड करून पडायचं नाही.

मोबाइल मात्र पहिले ४८ तास जवळजवळ बंद ठेवा. १२ ते २५ वयाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन दिवस स्क्रीन टाळणाऱ्यांपैकी निम्मे साडेतीन दिवसांत बरे झाले, न टाळणाऱ्यांपैकी निम्मे आठ दिवसांत. तबियत विचारणाऱ्या मेसेजना उत्तरं देत बसणं हाही स्क्रीनच, ते काम घरातल्या दुसऱ्याकडे सोपवा. दोन दिवसांनंतर स्क्रीनवर आयुष्यभराची बंदी नाही. १५ मिनिटांपासून सुरू करा, उजेड कमी, अक्षर मोठं.

७. झेपतंय की जास्त होतंय, हे कसं ओळखायचं?

दोन आकडे लक्षात ठेवा: दोन गुण आणि एक तास. काम सुरू करण्याआधी त्रासाला शून्य ते दहात गुण द्या. समजा, डोकेदुखी ३ आहे. कामादरम्यान ती ५ पर्यंत गेली आणि थांबल्यावर तासाभरात परत ३ वर आली, तर चालेल. तेवढं काम उद्याही करा, परवा थोडं वाढवा. ६ वर गेली किंवा तासानंतरही उतरली नाही, तर मात्रा जास्त झाली. त्या दिवशी थांबा, उद्या निम्म्यावर या.

त्रास थोडा वाढणं म्हणजे मेंदूला नवी इजा होणं नव्हे. हे न कळल्यामुळे माणसं दोन टोकांना जातात. एक जरा ठणकलं की तीन दिवस झोपून राहतो. दुसरा बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं उरकतो आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतो. दुसरा प्रकार जास्त दिसतो. चांगल्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त न करणं, हे यातलं सगळ्यात अवघड काम.

वहीत रोज एवढंच लिहा: काय केलं, किती मिनिटं, आधी किती गुण, नंतर किती, झोप किती. डॉक्टरांना ‘डोकं दुखतं’ यापेक्षा ‘२५ मिनिटं लॅपटॉप, ३ चं ६, रात्री ५ तास झोप’ जास्त उपयोगी पडतं.

८. डोकेदुखीवर कोणती गोळी घ्यावी?

पॅरासिटामॉल. मोठ्यांसाठी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पहिले ४८ तास टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मेडिकलमध्ये नुसती ‘डोकेदुखीची गोळी’ मागितली तर यांतलंच मिश्रण हातात येऊ शकतं, म्हणून पाकिटावरची नावं वाचा. हृदयासाठी ॲस्पिरिन आधीपासून सुरू असेल तर ते मनाने बंद करू नका, विचारा.

मुलांना किलोमागे १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून १२ मिली लागेल, २५० वालीतून फक्त ६. चूक इथेच होते: बाटली बदलते आणि चमचा तोच राहतो. दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत, दोन डोसांत किमान चार ते सहा तास.

पहिल्या आठवड्यानंतरही रोज गोळी लागत असेल तर ती गोळीच डोकेदुखीचं कारण बनू शकते. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत हे होतं. आठवड्यातून दोन दिवसांपलीकडे जायची वेळ आली तर डॉक्टरांकडे परत जा.

‘मेंदूच्या ताकदीच्या’ गोळ्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे सिटिकोलिन सर्रास लिहून दिलं जातं. मेंदूला मार लागलेल्या १,२१३ रुग्णांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ते आणि खोटी गोळी यांत फरक आढळला नाही, आणि त्यातले रुग्ण कन्कशनपेक्षा जास्त गंभीर होते. ते पैसे फिजिओथेरपीला ठेवा.

९. पूर्ण बरं व्हायला किती दिवस?

मोठ्यांपैकी बहुतेक जण दोन आठवड्यांत, मुलं आणि किशोरवयीन साधारण चार आठवड्यांत. आधीपासून अर्धशिशी, नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असेल, पूर्वी कन्कशन झालं असेल किंवा पहिल्या दिवसांत लक्षणं खूप तीव्र असतील तर जास्त वेळ लागतो. चार आठवडे उलटूनही रोजचं आयुष्य अडत असेल तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नका. तोवर मान, डोळे, कानातला तोल, झोप आणि मन यांपैकी कुठलातरी एक धागा अडकलेला असतो आणि त्यावर वेगळे उपचार आहेत.

१०. घरकामाचं काय? मला रजा कोण देणार?

हा प्रश्न बायका सगळ्यात शेवटी, दाराशी उभ्या राहून विचारतात, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर. ऑफिसला सुट्टीचा अर्ज देता येतो, ओट्याला देता येत नाही. आणि घरकाम ‘हलकं’ म्हणून सूट देण्याच्या यादीत येतच नाही. प्रत्यक्षात वाकून केर काढताना आणि फरशी पुसताना डोकं खाली जातं आणि दर फेरीत मान वळते. बहुतेकींना भोवळ येते ती इथेच. मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, एक्झॉस्ट फॅन आणि टीव्ही एकाच वेळी सुरू असलेलं स्वयंपाकघर हे घरातलं सगळ्यात गोंगाटाचं ठिकाण असतं. पाण्याची कळशी किंवा सिलिंडर उचलताना श्वास रोखला जातो आणि डोक्यात ठणका उठतो.

पहिल्या आठवड्यात बसून करायची कामं घ्या: भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या. पोळ्या लाटायच्या तर स्टुलावर बसून, एका वेळी पाच-सहा. मिक्सरचं काम दुसऱ्या कुणाकडे. दुसऱ्या आठवड्यात एक वेळचा स्वयंपाक, लांब दांड्याच्या झाडूने एक खोली. धुण्याच्या बादल्या, माळ्यावरचे डबे आणि स्टुलावर चढून जळमटं काढणं चक्कर पूर्ण थांबेपर्यंत नाही. गॅस सुरू करून विसरण्याचे प्रकार या दिवसांत होतात, ओट्यावर असताना मोबाइलचा दहा मिनिटांचा गजर लावून ठेवा. आणि घरच्यांना तोंडी सांगण्यापेक्षा ‘दोन आठवडे वाकणं आणि ओझं बंद’ असं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. कागदाला घरात जास्त मान मिळतो.

११. मुलाला शाळेत किंवा कॉलेजात कधी पाठवायचं?

सगळी लक्षणं जाण्याची वाट बघू नका. घरी ३०-४० मिनिटं सलग वाचता-लिहिता येऊ लागलं की अर्धा दिवस पाठवा, अनेकांच्या बाबतीत दोन ते पाच दिवसांतच ते जमतं. आधी घरी पाच ते पंधरा मिनिटांचं वाचन, मग गृहपाठ, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस.

वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या आणि नेमकं मागा. ‘सांभाळून घ्या’ या शब्दांतून काही हाती लागत नाही. दर तासानंतर पाच मिनिटं डोळे मिटून बसू देणं, फळ्यावरून उतरवण्याऐवजी नोट्सची झेरॉक्स, एका दिवशी एकच चाचणी, दोन आठवडे पीटी बंद, मधल्या सुट्टीत मैदानाऐवजी ग्रंथालय. दप्तर हलकं. क्लास सगळ्यात शेवटी सुरू करा. शाळेचे सहा तास आणि वर क्लासचे तीन, हे जखमी मेंदूला झेपत नाही आणि संध्याकाळचा क्लास चुकू नये म्हणून मुलं दुपारचा त्रास लपवतात. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचं पत्र जपून ठेवा, शाळेशी बोलणी लवकर सुरू करा.

१२. ऑफिसला कधी जावं?

बसून काम असेल तर तीन-चार दिवस ते आठवड्याभरात, पण सुरुवात अर्ध्या दिवसाने. पहिल्या आठवड्यात २५ मिनिटं काम, ५ मिनिटं स्क्रीनपासून दूर. एकाच वेळी कॉल, चॅट आणि एक्सेल नको, लक्ष विभागणं हेच या काळात सगळ्यात महाग पडतं. चुका तपासायचं काम सकाळी ठेवा, पैशाचे मोठे व्यवहार आणि सह्या जमल्यास आठवडाभर पुढे ढकला.

मुंबईकरांना ऑफिसपेक्षा प्रवास जड जातो. गर्दीच्या लोकलमध्ये धक्काबुक्की, कर्कश आवाज, बाहेर पळणारी दृश्यं आणि डोक्यावर दांडा लागण्याचा धोका, सगळं एकत्र. शक्य असेल तर अकरानंतर निघा, खिडकीबाहेर बघू नका, दारात उभं राहू नका. घरून काम मागायचं असेल तर याच दोन आठवड्यांसाठी मागा.

उंचावर, मशीनवर, विजेचं किंवा परांचीवर काम करणाऱ्यांनी चक्कर पूर्ण थांबेपर्यंत आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत जाऊ नये. रात्रपाळी महिनाभर टाळता आली तर उत्तम. झोप मोडली की बाकी सगळं रेंगाळतं.

१३. गाडी कधी चालवू शकतो?

किमान ४८ तास कुठलीही नाही. त्यानंतर तीन गोष्टी जुळल्या तर चारचाकी: चक्कर नाही, मान दोन्हीकडे पूर्ण वळवून मागे बघता येतं, दिवसा झापड येत नाही. आधी शेजारच्या सीटवर बसून २० मिनिटं रहदारीतून जाऊन बघा. त्यातच मळमळलं तर उत्तर मिळालं. पहिली फेरी दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, छोटी.

दुचाकी त्याच्याही नंतर, तिला तोल लागतो आणि पडलात तर डोक्याला दुसरा मार. रिक्षा, टॅक्सी, ट्रक, एसटी चालवणाऱ्यांनी डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय सुरुवात करू नये.

१४. व्यायाम आणि खेळ कधीपासून?

चालणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. हलका व्यायाम औषधासारखा काम करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २० मिनिटं बेताचा एरोबिक व्यायाम करणाऱ्या मुलांपैकी निम्मी १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपैकी निम्मी १७ दिवसांत.

खेळाडूंसाठी सहा पायऱ्या आहेत, प्रत्येकीला कमीत कमी २४ तास. पहिली, रोजची कामं. दुसरी, चालणं किंवा स्थिर सायकल. आधी कमाल नाडीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, मग ७० टक्क्यांपर्यंत. कमाल नाडी म्हणजे अंदाजे २२० वजा वय. १६ वर्षांच्या मुलाची २०४, म्हणून आधी ११२, मग १४३. मनगटावर १५ सेकंद मोजा, चारने गुणा. तिसरी, एकट्याने खेळाची हालचाल: विकेटांमधलं धावणं, कबड्डीचं फूटवर्क. डोक्याला काही लागण्याची शक्यता शून्य. इथपर्यंत थोडी लक्षणं असली तरी चालतं, दोन गुण-एक तास हाच नियम.

चौथ्या पायरीपासून नियम बदलतो. तिथे लक्षणं पूर्ण गेलेली हवीत. संपर्काशिवायचा संघासोबतचा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, ज्यात नेटमध्ये खरी गोलंदाजी किंवा कबड्डीत पकड येते, आणि शेवटी सामना. यात कुठेही त्रास उलटला तर तिसऱ्या पायरीवर परत. सगळं सुरळीत झालं तरी आठवडा जातोच.

मार लागला त्याच दिवशी मैदानात परत जायचं नाही, कितीही बरं वाटत असलं तरी. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला. तो तपासणीनंतर पुन्हा फलंदाजीला आला, ९२ वर बाद झाला आणि लक्षणं दिसली दुसऱ्या दिवशी सकाळी. कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू म्हणून मार्नस लाबुशेन आला, तो त्याच्याच जागी. जागतिक दर्जाचे डॉक्टर हजर असताना जे लपून राहिलं, ते तालुक्याच्या मैदानावर कोच डोळ्यांत बघून ओळखेल अशी अपेक्षा करू नका. मैदानावर नाव विचारून उपयोग नाही, नाव सगळ्यांना आठवतं. हे मैदान कोणतं, आत्ता कोणता डाव सुरू आहे, शेवटचा गुण कुणी घेतला, गेल्या सामन्यात कोण जिंकलं, असं विचारा. एक चुकलं तरी बाहेर बसवा. सगळी बरोबर आली तरी शंका असेल तर बाहेरच.

गोविंदांसाठी वेगळं सांगायला हवं. दहीहंडीच्या सरावात पडलेल्याला दिवस जवळ आले म्हणून पुन्हा थरात उभं केलं जातं. थर म्हणजे पाचवी-सहावी पायरी, वरचा असो की तळाचा. तळाच्या गड्याच्या डोक्यावर माणसं पडतात.

योगासनांत शीर्षासन, सर्वांगासन, हलासन आणि कपालभाती लक्षणं जाईपर्यंत बंद. सूर्यनमस्कार तिसऱ्या पायरीवर, सावकाश दोन-तीन.

१५. कुशीवर वळलं की घर फिरल्यासारखं होतं. मेंदूत काही बिघडलंय का?

बहुधा कानात. मार लागला की आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत जातात. ओळखायची खूण: कूस बदलताना, आडवं होताना किंवा वर बघताना गरगरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा जाणकार फिजिओथेरपिस्ट एप्ली नावाच्या हालचालीने, पलंगावर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून, ते कण परत जागेवर आणतात. बऱ्याच जणांना एक-दोन बैठकींत आराम पडतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या त्या कणांना हलवत नाहीत आणि आठवडेच्या आठवडे घेतल्या तर मेंदूचं जुळवून घेणं लांबवतात.

१६. वाचताना ओळी हलतात, मानेपासून डोकं चढतं. हे वेगळं काही आहे का?

पेन हातभर अंतरावर धरून हळूहळू नाकाकडे आणा. तरुण माणसाला साधारण ६ सेंटीमीटरपर्यंत टोक एकच दिसायला हवं. बऱ्याच आधी दोन दिसू लागली तर दोन्ही डोळे जवळ वळवण्याची ताकद कमी झाली आहे. चष्म्याचा नंबर बदलून ती भरत नाही, त्याचे व्यायाम असतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना हे नेमकं सांगा. मानेच्या मागून सुरू होऊन कपाळावर येणारी, मान वळवली की वाढणारी डोकेदुखी बहुतेक वेळा मानेचीच असते आणि फिजिओथेरपीने सुधारते. न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेऊ नका.

१७. एवढ्या-तेवढ्यावरून चिडचिड होते, रडू येतं.

कन्कशनच्या लक्षणांतलंच आहे. अपुरी झोप आणि साचलेलं काम ते वाढवतात. दोन-तीन आठवड्यांनंतरही मन उदास राहिलं, जीव नकोसा वाटला तर टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

१८. आजोबा महिन्यापूर्वी मोरीत पडले होते. आता चालताना झोक जातो, विसरतात. वय झालं म्हणायचं का?

आधी सीटी काढा. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्याच्या पृष्ठभागावरच्या शिरा ताणलेल्या असतात आणि किरकोळ आपटण्यानेही झिरपू लागतात. रक्त तीन-चार आठवडे थेंबथेंब साचतं आणि मग दिसतं ते डोकेदुखी, झोक जाणं, लघवीवर ताबा न राहणं, दिवसा गुंगी असं. वेळेत लक्षात आलं तर तुलनेने लहान शस्त्रक्रियेने माणूस पुन्हा चालता-बोलता होऊ शकतो. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असणाऱ्यांत हे जास्त घडतं. पडल्याची तारीख औषधांच्या वहीत लिहून ठेवा, महिन्याने नक्की कुणाला आठवत नाही.

१९. उपवास, चहा, दारू?

उपाशी राहिल्याने डोकेदुखी वाढते. त्या दोन-तीन आठवड्यांतले उपवास सोडा, नाहीच सोडवत तर निर्जळी तरी नको. चहा नेहमीचा एक-दोन कप, दुपारी चारनंतर नाही. एकदम बंद केला तर त्यानेच डोकं दुखतं. दारू लक्षणं जाईपर्यंत बंद. ती झोप बिघडवते, आणि प्यालेल्या माणसाचा तोल गेला तर तो दारूने की डोक्यातल्या रक्तस्रावाने, हे घरच्यांना कळत नाही.

२०. गणपतीत ढोल पथकात वाजवायचं आहे. कानात कापूस घालून चालेल?

कापसाने आवाज फारसा अडत नाही, फोमचे इअरप्लग घ्या. पण ढोलाचा दणका कानाइतकाच छातीतून आणि मानेतून जाणवतो, शिवाय कमरेला ढोल बांधून तासन् तास चालणं हा जोरकस व्यायाम आहे. तिसरी पायरी त्रास न होता पार पडल्याशिवाय ढोल उचलू नका. तोवर ध्वज किंवा टोलऐवजी पाणी वाटण्याचं काम घ्या, तेही मिरवणुकीच्या सुरुवातीचा तासभर. लग्नकार्यात डीजेपासून लांबच्या टोकाला बसा, जेवून निघा. घरात मात्र दिवसभर इअरप्लग घालून बसू नका, नेहमीचे आवाजही मग टोचू लागतात.

२१. बरं होण्याआधी दुसरा मार बसला तर?

पहिल्या काही दिवसांत मेंदूची झटका सोसण्याची क्षमता कमी असते. कमी जोराच्या माराने जास्त त्रास होतो आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो. किशोरवयीन खेळाडूंत क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव गेल्याची उदाहरणंही आहेत. त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांना दाखवा, पायऱ्या पहिल्यापासून सुरू करा. एका कन्कशनने पुढे स्मृतिभ्रंश होईल का, अशी भीती बऱ्याच जणांना असते. ती चर्चा प्रामुख्याने वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाणाऱ्या बॉक्सर आणि अमेरिकन फुटबॉलपटूंची आहे.

२२. अपघातात घातलेलं हेल्मेट पुन्हा वापरू का?

नाही. हेल्मेटच्या आतलं थर्मोकोलसारखं अस्तर एकदाच दबतं, ते पुन्हा फुगत नाही. बाहेरून ओरखडासुद्धा नसला तरी आतून ते कामातून गेलेलं असतं. नवं घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. घालून पट्टा लावा आणि मागून पुढे ढकलून पाहा, डोक्यावरून निघालं तर माप मोठं आहे. हेल्मेटने कवटी फुटण्याचा धोका खूप कमी होतो, कन्कशन पूर्ण टळत नाही, म्हणून ‘हेल्मेट होतं, मग काही झालं नसेल’ असं धरून चालू नका. जुनं हेल्मेट फेकण्याआधी विम्याच्या दाव्यासाठी त्याचा फोटो काढा, आणि मग पट्टा कापून टाका, म्हणजे भंगारातून ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाणार नाही.